पेण-रोह्याच्या पावसात ट्यूब माइक

पेणच्या कारखान्यांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालू असते, त्याच दिवसांत पेण आणि रोहा तालुक्यांतल्या छोट्या स्टुडिओंत गणपतीची गाणी रेकॉर्ड होत असतात. हळदीची आणि शिमग्याची गाणी कोरड्या महिन्यांत उरकता येतात. गणपतीच्या गाण्याला ती सवलत नाही. ते चतुर्थीच्या आधी लोकांच्या फोनवर पोचलेच पाहिजे, म्हणजे आषाढ-श्रावणात गळा आणि माइक दोघांनाही कामाला लागावे लागते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरच्या दरम्यान. ध्वनिमुद्रणाच्या साधनांत ओलाव्याला सर्वांत हळवे असलेले साधन नेमके याच महिन्यांत सर्वांत जास्त वापरायचे, अशी ही अडचण आहे.

घरातल्या एका खोलीत लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि एक साधा कंडेन्सर माइक घेऊन काम सुरू करणारी मुले आता गावोगाव आहेत. दोन-तीन हंगामांत थोडे पैसे गाठीला आले की प्रश्न येतो, ट्यूब माइक घ्यावा का? घ्यायचा तर कोणता? माझे मत सुरुवातीलाच सांगतो. निवड गाणाऱ्याच्या आवाजापासून आणि खोलीतल्या हवेपासून सुरू करावी. ट्यूबचा विचार सर्वांत शेवटी. असे का, हे कळण्यासाठी माइकच्या जाळीच्या आत डोकवायला हवे.

त्या जाळीआड रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती असते, तिला कॅप्सूल म्हणतात. भोके पाडलेली धातूची जाड थाळी आणि तिच्यासमोर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, ताणून बसवलेला प्लास्टिकचा पडदा. हा पडदा साधारण ६ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जवळपास दहाव्या हिश्शाइतका, आणि त्याच्यावर सोन्याचा अतिसूक्ष्म थर असतो. थाळी आणि पडदा यांच्यात ६० व्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब कायम ठेवलेला असतो. आवाजाची लहर आली की पडदा थरथरतो, अंतर कमी-जास्त होते आणि त्या मापाने विद्युतदाब वरखाली होतो. गाण्याचे विजेत रूपांतर होते ते एवढ्याशा जागेत.

पण ही वीज फार दुबळी असते. कॅप्सूलची धारिता जेमतेम ५० ते १०० पिकोफॅरड. ६० पिकोफॅरड धरून हिशेब केला तर २० हर्ट्‌झच्या खर्जाला तिचा अवरोध १३० मेगाओमच्या घरात जातो. असा संकेत सरळ केबलमध्ये सोडला तर काही फुटांतच तो गिळला जाईल. म्हणून कॅप्सूलच्या अगदी पायथ्याशी असा घटक लागतो, जो तिच्याकडून जवळजवळ काहीही न घेता तिच्या चढउतारांची तंतोतंत, पण दणकट नक्कल पुढे पाठवेल. ई. सी. वेंटे यांनी १९१६ साली अमेरिकेत कंडेन्सर माइक तयार केला, तेव्हा हे काम करू शकणारी एकच वस्तू जगात होती: निर्वात नळी. आजोबांच्या रेडिओत लाल उजेड देणारा व्हॉल्व्ह तो हाच. त्याच्या ग्रिडवर कॅप्सूलचा दाब पडतो, ग्रिड प्रवाह जवळजवळ घेत नाही आणि आतल्या मोठ्या प्रवाहाला मात्र तालावर नाचवते. पुढे एक छोटा ट्रान्सफॉर्मर त्या संकेताला लांब केबल पेलवेल असे रूप देतो.

म्हणजे माइकमध्ये ट्यूब आली ती गरज म्हणून. पुढे हेच काम करणारा एफईटी नावाचा ट्रान्झिस्टर आला. १९६६ साली नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा रूढ केला, आणि माइकची वेगळी पॉवर सप्लायची पेटी बहुतेक कामांसाठी अनावश्यक झाली. आज इंटरफेसवर ४८ व्होल्टचे बटण दाबून आपण जो माइक चालवतो, तो या वंशातला. ट्यूब माइकला मात्र अजूनही आपली पेटी लागते, कारण ट्यूबचा तंतू तापवायला ६ व्होल्टच्या आसपासचा आणि तिच्या प्लेटला शंभर-दोनशे व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो.

ज्या माइकांच्या नावावर आज नकला विकल्या जातात, ते सगळे एफईटीच्या आधीच्या वीस-पंचवीस वर्षांतले. गेओर्ग नॉयमान यांनी बर्लिनमध्ये १९२८ साली कंपनी काढली. त्यांचा यू ४७ आला १९४९ च्या सुमारास, टेलिफुंकनची व्हीएफ १४ ही ट्यूब घेऊन. व्हिएन्नाच्या एकेजीने १९५३ मध्ये सी १२ काढला. व्हीएफ १४ चे उत्पादन थांबल्यावर नॉयमानने १९६० साली ईएफ ८६ ट्यूबवर चालणारा यू ६७ आणला. सात वर्षांनी त्याची ट्रान्झिस्टरवरची आवृत्ती म्हणून यू ८७ आला आणि २०१८ मध्ये कंपनीने यू ६७ पुन्हा बनवायला घेतला. या मूळ माइकांची किंमत लाखांत आहे. आपल्या छोट्या स्टुडिओच्या आवाक्यातले माइक म्हणजे त्यांच्या धर्तीवर बनलेले, तीस-चाळीस हजारांपासून पुढचे.

आता ज्या गुणासाठी लोक ट्यूब शोधतात, त्या ‘उबदार’ आवाजाकडे येऊ. नीट बनवलेल्या माइकमध्ये ट्यूब साध्या गाण्याच्या पातळीला फारच थोडी विकृती निर्माण करते. ट्यूब ताणली गेली की दुसरा स्वरांश वाढतो आणि आवाज भरल्यासारखा वाटतो हे खरे, पण ते गायक माइकला चिकटून मोठ्याने गातो तेव्हा. एरवी कानाला जो गोडवा लागतो, त्यात कॅप्सूल, तिच्याभोवतीची जाळी, ट्रान्सफॉर्मर आणि मंडल (सर्किट) यांचा वाटा जास्त असतो. यू ६७ चेच पाहा. त्याची कॅप्सूल वरच्या पट्ट्यात जात्याच तेज आहे, आणि नॉयमानच्या अभियंत्यांनी मंडलात ते तेज उतरवण्याची सोय केली आहे. स्वस्त नकला करणाऱ्या अनेकांनी कॅप्सूलची धाटणी उचलली आणि मंडलातली दुरुस्ती सोडून दिली. त्यामुळे आत खरी ट्यूब असूनही आवाज टोचरा येतो. खोक्यावर ‘ट्यूब’ लिहिले आहे म्हणून माइक मऊ आवाज देईल, ही समजूत इथेच मोडते.

याच संदर्भात १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याची हकिगत आठवावी. दूरवरून जवळ येणारा आवाज हवा होता. लता मंगेशकरांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे की, माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि गाण्याच्या सुरुवातीला त्या कोपऱ्यातून गात गात हळूहळू माइककडे आल्या. पहिला ट्रान्झिस्टर जेमतेम १९४७ च्या डिसेंबरात प्रयोगशाळेत जन्माला आला होता, म्हणजे त्या गाण्याच्या वाटेतला प्रत्येक प्रवर्धक व्हॉल्व्हचाच असणार. तरी अंगावर काटा येतो तो त्या पावलांमुळे, गळा आणि माइक यांच्यातले अंतर बदलत गेल्यामुळे. माइकचे अंतर हेच रेकॉर्डिस्टच्या हातातले पहिले साधन आहे आणि ते फुकट आहे.

एकदिश, म्हणजे कार्डिऑइड माइकच्या जवळ गेले की खर्ज फुगतो. पाच सेंटिमीटरवर तो इतका फुगतो की बुवांचा भारदस्त आवाजही डबक्यातून आल्यासारखा वाटतो. वीतभर अंतर ठेवले की आवाज मोकळा होतो. आपल्याकडे संगीत भजन काळी चार, काळी पाच अशा उंच पट्टीत, गळा उघडून गातात. अशा आवाजाला दीड वीत अंतरही चालते, आणि माइकवर १० डेसिबल कमी करणारे पॅडचे बटण असेल तर ते दाबावे.

माइक घेण्यापूर्वीची चाचणी मराठी आवाजांवर करावी, असा माझा आग्रह आहे. इंटरनेटवर ऐकायला मिळणारे नमुने बहुतेक इंग्रजी गाण्यांचे असतात आणि त्यांत आपल्या अडचणी दिसतच नाहीत. मराठीत ‘चंद्र’ आणि ‘चिंच’ यांच्या सुरुवातीचा च टाळूवरचा. ‘चांदणं’ आणि ‘चूल’ यांतला च दातांवर घासून येतो आणि सकाराइतकाच फुसफुसतो. ‘जाळं’, ‘जरा’, ‘झाड’ यांचेही तेच. तेज कॅप्सूलवर ही अक्षरे काचेवर नख ओढल्यासारखी उठतात. दुसरी अडचण महाप्राणांची. ख, घ, थ, ध, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो, आणि आपल्या भक्तिगीतांत ‘भक्त’, ‘भाव’, ‘धावा’, ‘खेळ’ असे शब्द ओळीओळीला येतात. पॉप फिल्टर लावूनही पडदा दचकत असेल तर माइक तोंडाच्या किंचित वर ठेवून खाली कलता करून पाहावा. त्यानंतरही आवाज फुटत असेल तर त्या माइकची जाळी पडद्याला पुरेसे रक्षण देत नाही. गायिकेला तिचेच एक कडवे एकाच अंतरावरून, एकाच पातळीला, दोन-तीन माइकांवर गायला लावावे आणि नंतर कोणता माइक कोणता हे न सांगता सर्वांनी ऐकावे. पातळी जुळवणे महत्त्वाचे, कारण जो नमुना किंचित मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो.

आगरी-कोळी गाण्यांतल्या बायकांचे आवाज पातळ, धारदार आणि उंच असतात. हळदीला धवला गाणाऱ्या धवलारणींच्या आवाजात तर मोकळ्या अंगणात गाऊन कमावलेली धार असते. अशा आवाजाला वरचे तेज वाढवणारा माइक नको. यू ४७ च्या घराण्यातले, मधल्या पट्ट्यात भरीव आणि वर संयमी असणारे माइक इथे बरे. सी १२ च्या घराण्यातला उजळ माइक जाड, दबलेल्या आवाजाला उपकारक ठरतो. ढोलकीच्या शाईसाठी आणि बेंजो पार्टीसाठी ट्यूब माइक खर्च करूच नये. तिथे साधा डायनॅमिक माइक जास्त चांगले काम देतो आणि पडला तरी रडावे लागत नाही. टाळांपासूनही ट्यूब माइक दूर ठेवावा. त्यांची झणझण कंडेन्सर इतक्या बारकाईने पकडतो की मिक्सिंगमध्ये ती आवरता येत नाही.

एका ठिकाणी मात्र अनेक दिशांचा ट्यूब माइक इथल्या संगीताला खरोखर शोभतो. सी १२ मध्ये माइकपासून दूर ठेवलेल्या खटक्याने दिशेचे नऊ प्रकार बदलता येत होते, आणि त्याच्या आजच्या अनेक वारसांतही ती सोय आहे. त्यातला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा प्रकार पुढून आणि मागून ऐकतो, बाजूंनी बहिरा असतो. झील धरणाऱ्यांच्या दोन रांगा माइकच्या दोन अंगांना समोरासमोर बसवल्या तर एकाच माइकवर सगळा कोरस येतो, आणि त्यांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहून गाता येते. हेडफोन लावून एकेकट्याने म्हटलेल्या कोरसात ती एकजीव लय कधीच येत नाही. भजन मंडळे रेकॉर्ड करणाऱ्याने या एका कारणासाठी अनेक दिशांचा माइक घ्यावा, असे मी म्हणेन.

आता पावसाकडे. कॅप्सूलवर साठलेला विद्युतभार तिथेच राहावा म्हणून ग्रिडजवळचे रोधक शेकडो मेगाओमचे असतात. हवेतला ओलावा कॅप्सूलच्या कडेवर, तिच्या आधारावर, ट्यूबच्या तळाशी बसला की तिथे एक अदृश्य पाणथर तयार होतो आणि माठातून पाणी पाझरावे तसा भार त्यातून पाझरू लागतो. पाझर सारखा असेल तर खर्ज पातळ होतो. तो रुक-रुक असेल तर कढईत काहीतरी तळत असल्यासारखा तडतडाट येतो. नुसत्या शुद्ध पाण्याने इतके होत नाही. मीठ आणि धूळ त्याला साथ देतात. पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या आणि मिठागरांच्या वाऱ्यात मीठ असतेच. रोह्याला कुंडलिकेच्या खोऱ्यातली दमट हवा आहे. शिवाय गायकाच्या थुंकीतले क्षार पडद्यावर बसतात ते वेगळेच, आणि क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणून पॉप फिल्टर हा इथे आवाजासाठी जितका, तितकाच कॅप्सूलच्या आयुष्यासाठी लागतो.

ट्यूबची एक गोष्ट मात्र या हवेत उपकारक आहे. ती तापते. ईएफ ८६ चा तंतू ६.३ व्होल्टवर ०.२ अँपियर घेतो, म्हणजे सव्वा वॉट. एवढीशी ऊबही बंद नळकांड्यातली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी ठेवते. त्यामुळे सत्राआधी अर्धा तास माइक चालू ठेवावा. त्याने ट्यूब स्थिर होते आणि रात्रीत बसलेला ओलावाही उडतो. काम झाल्यावर तो स्टँडवर उघडा सोडू नये. कॅमेरावाले वापरतात तशी ड्राय कॅबिनेट मिळत असेल तर माइकच्या बजेटमधूनच तिचे पैसे बाजूला काढावेत आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. नाहीतर घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या कराव्यात. हा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवू नये.

एसीबद्दल एक इशारा फारसा कोणी देत नाही. श्रावणात आपल्याकडे हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांच्या खोलीत गार झालेला माइक उचलून ओटीवर नेला की थंड पाण्याच्या तांब्यावर धरते तसे पाणी त्याच्या आतल्या धातूवर आणि पडद्यावर धरते. दुसऱ्या गावी रेकॉर्डिंगला नेताना माइक एसीच्या खोलीतच हवाबंद डब्यात भरावा आणि तिथे पोचल्यावर डबा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडावा.

खोलीविषयी थोडक्यात. चांगल्या ट्यूब माइकचा स्वतःचा खरखराट १० ते २० डेसिबलच्या दरम्यान असतो, आणि जाहिरातींत त्या आकड्यावरून स्पर्धा चालते. पण शांत रात्री घरातली खोलीच ३० डेसिबलच्या आसपास असते, आणि पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की ६० च्या वर जायला वेळ लागत नाही. पत्र्याखालच्या खोलीत १२ डेसिबलवाला आणि १८ डेसिबलवाला माइक यांत काहीही फरक कळणार नाही. ते पैसे स्लॅबखालच्या खोलीवर, जड पडद्यांवर, गाद्यांवर, कापूस भरलेल्या चौकटींवर खर्च झाले तर गाणे जास्त सुधारेल. रेल्वेची वाट जवळ असेल तर ८० हर्ट्‌झखालचा भाग कापणारे बटण लावावे. पनवेल-पेण-रोहा मार्गावरच्या मालगाड्यांची घरघर त्याच पट्ट्यात येते. फिल्टरने ती हलकी होते, जात मात्र नाही. म्हणून गाड्यांच्या वेळा भिंतीवर लावून त्यांच्या मधल्या वेळात टेक घ्यावेत.

विजेकडे दुर्लक्ष करणे इथे परवडत नाही. पावसात लाइट जाते, येताना दाब झोके घेत येतो आणि ट्यूबच्या तंतूला असे झटके मानवत नाहीत. पॉवर सप्लायच्या मागे २३० व्होल्टची निवड आहे ना, हे पहिल्यांदा पाहावे. अमेरिकेहून मागवलेला माइक ११५ वर लावलेला असू शकतो. शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस लावावा, कारण चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पेटी गुणगुणू लागते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. हे शोभेचे काम नाही, प्लेटचे शंभर-दोनशे व्होल्ट त्या केबलमधून जात असतात. केबल आधी जोडावी, मग स्विच चालू करावा. काढताना आधी स्विच बंद, मग दोन-तीन मिनिटे थांबून केबल काढावी. पेटीतले कपॅसिटर बंद केल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात, तेव्हा घरच्या घरी ती उघडून पाहू नये. पेटीतून बाहेर येणाऱ्या केबलला इंटरफेसचे फॅन्टम लागत नाही, ते बंद असावे.

मग घ्यावा का? वर्षाला दोन-चार गाणी करणाऱ्याने ट्यूब माइक विकत घेऊ नये. पेणहून मुंबई ऐंशीएक किलोमीटरवर आहे आणि तिथे चांगले माइक दिवसाच्या भाड्याने मिळतात. एखादा दिवस ठरवून सगळ्या गायकांचे आवाज त्यात उरकता येतात. वर्षभर काम असणाऱ्याने आधी एक विश्वासू एफईटी माइक घ्यावा. तो फॅन्टमवर चालतो आणि बिघडला तर सुट्या भागांसाठी सहा महिने थांबावे लागत नाही. त्याचा आवाज मनासारखा लागत नाही, असे दोन-तीन हंगामांच्या कामावरून नक्की ठरले, तर मग ट्यूब माइक. आणि तोही असा, ज्याची ट्यूब आज बाजारात सहज मिळते. ईएफ ८६ किंवा ईसीसी ८३ या ट्यूबा गिटारच्या आणि हाय-फाय अँप्लिफायरसाठी अजून बनतात, पण व्हीएफ १४ सारखी कधीच बंद पडलेली ट्यूब लागणारा माइक छोट्या स्टुडिओच्या गळ्यातले लोढणेच ठरेल.

वापरलेला माइक घ्यायचा झाला तर तो पावसाळ्यातच तपासावा. विकणारा कोरड्या हवेतला माइक दाखवील. आपण तो अर्धा तास चालू ठेवावा, सगळे दिशाप्रकार एकेक करून फिरवावेत आणि प्रत्येक प्रकारात काहीही न गाता हेडफोनवर पूर्ण पातळीवर दोन मिनिटे ऐकावे. तडतड येत असेल, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज येत नसेल, जाळीच्या आत टॉर्च मारल्यावर पडद्यावर डाग किंवा सोन्याचा उडालेला थर दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्यावा. कॅप्सूल पुन्हा बसवून घेण्याचा खर्च बहुतेकदा नव्या मध्यम माइकाइतका येतो. आणि जुन्या जर्मन माइकातली एम ७ ही पीव्हीसी पडद्याची कॅप्सूल असेल तर वयाने तो पडदा कडक आणि ठिसूळ होतो, हे गृहीत धरूनच भाव ठरवावा.